खुलासा : ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीतील ती धून लोकगीत नव्हे

चेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक यांच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीच्या (वाद्यवृंदासाठी लिहिलेल्या अनेक भागांच्या रचनेच्या) दुसऱ्या, संथ भागातील प्रसिद्ध धून ‘गोइंग होम’ या कृष्णवर्णीय अमेरिकन भक्तिगीतावरून घेतली आहे, असे अनेकदा सांगितले जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. १८९२ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरी या संगीत विद्यालयाचे संचालक म्हणून गेलेल्या द्वोर्झाक यांनी ती धून स्वतः रचली, १६ डिसेंबर १८९३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये सिंफनीचा पहिला जाहीर प्रयोग झाला आणि त्यानंतर जवळपास तीन दशकांनी, १९२२ मध्ये, त्यांचे शिष्य विल्यम आर्म्स फिशर यांनी त्या सुरावटीवर ‘गोइंग होम’चे शब्द बसवले.

गैरसमज होणे स्वाभाविक आहे. इंग्लिश हॉर्न या फुंकवाद्यावर वाजणारी पहिली ओळ आपल्या सरगमीत साधारण ‘ग प प, ग रे सा’ अशी उतरते. मोजक्या स्वरांत फिरणारी ही चाल पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली असावी, असेच वाटते. कॉन्झर्व्हेटरीतील कृष्णवर्णीय विद्यार्थी हॅरी बर्ली द्वोर्झाक यांना आपल्या समाजाची भक्तिगीते गाऊन दाखवत असत. त्या गायनाचे ऋण मोठे आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे; मात्र तो प्रभाव होता, उचल नव्हती. आपण लोकसंगीताच्या वैशिष्ट्यांवर आधारलेली, पण स्वतंत्र सुरावट लिहिली, असे द्वोर्झाक यांनी स्वतः स्पष्ट केले होते. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत या धुनेपुढे ‘पारंपरिक’ असे छापू नये.