उन्हाळ्यात तोडफोड काढण्याआधी

घरदुरुस्तीच्या बजेटवर १० टक्के जास्तीचे धरा, असं घर नूतनीकरणावरच्या एका लेखात म्हटलंय. नव्या फ्लॅटला ते पुरेलही, पण नागपुरातल्या महाल-इतवारी या जुन्या वस्त्यांमधल्या घरांना नाही. तिथे टाइल्स उखडल्या की खाली गंजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप निघतात आणि प्लंबर, मिस्त्री, टाइल्सवाला सगळ्यांचंच वेळापत्रक कोलमडतं. बाथरूमचा एक कोपरा आधी फोडून पाहा, मगच अंदाजपत्रक मागा.

काम कोणत्या महिन्यात काढावं, हे मात्र त्या लेखात कुठेच नाही. नागपुरात बरेच जण मुलांच्या सुट्ट्या बघून एप्रिल-मे धरतात. पारा ४५ च्या घरात. सकाळी मारलेलं प्लास्टर दुपारपर्यंत कोरडं. सिमेंटला किमान ७ दिवस ओलं ठेवावं लागतं. पाणी कमी पडलं की केसासारख्या भेगा पडतात आणि पुट्टीचा खर्च वाढतो. त्यात जूनमध्ये पेरणीला मजूर गावी गेले की उघडी गच्ची पावसात सापडते. माझ्या मते दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हाच काळ बरा.

आणि भिंतीला तिरप्या भेगा असतील तर नुसतं लिंपून रंग देऊ नका हो! इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया तिच्यावर असेल तर भेग परत येणारच. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. टाइल्स बसवण्यापूर्वी बाथरूममध्ये ४८ तास पाणी साठवून खालच्या छताला ओल येते का तेही बघाच. तोवर वॉटरप्रूफिंगवाल्याचा शेवटचा हप्ता देऊ नका.