श्रद्धेचा परवाना

सायकेडेलिक, म्हणजे जाणिवा पालटणाऱ्या द्रव्यांवरील बंदीची चर्चा निघाली की ती हमखास आरोग्याकडे वळते. काही अळंब्यांत असणाऱ्या सायलोसायबिनने नैराश्य हटते का, एलएसडीचे व्यसन लागते का, मेंदूवर कायमचा परिणाम होतो का, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. मात्र या बंदीचा आणखी एक परिणाम झाला आहे आणि त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. कोणाची श्रद्धा खरी आणि कोणाची बेगडी, हे ठरवण्याचे काम तिने सरकारी कचेऱ्यांच्या आणि न्यायालयांच्या गळ्यात टाकले आहे. माझ्या मते हे काम त्यांना आजवर जमलेले नाही आणि पुढेही जमणार नाही.

अमेरिकेतील पेयोटीचा इतिहास यासाठी पाहण्यासारखा आहे. पेयोटी हे मेस्कॅलिन नावाचे सायकेडेलिक द्रव्य असलेले छोटे, बिनकाट्यांचे निवडुंग. तिथल्या मूलनिवासींच्या उपासनेत त्याला प्रसादाचे स्थान आहे. मेक्सिकोतील स्पॅनिश धर्मन्यायालयाने १६२० मध्येच त्याच्यावर बंदी घातली होती, म्हणजे या वादात औषधनियंत्रणाच्या कितीतरी आधी पाखंडाचा मुद्दा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत पुन्हा बंदीच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा पेयोटीच्या उपासकांनी १९१८ मध्ये ओक्लाहोमात ‘नेटिव्ह अमेरिकन चर्च’ या नावाने रीतसर नोंदणी केली. जी उपासना रात्रभर अग्नीभोवती बसून, गाणी म्हणत चालत आली होती, तिला सत्ताधाऱ्यांना ओळखता येईल असा चर्चचा पोशाख चढवावा लागला. त्या लोकांचा निर्णय शहाणपणाचा होता यात शंका नाही, पण त्यांच्यावर ती वेळ का यावी?

नोंदणी करूनही संरक्षण मिळाले असे नाही. ऑरेगन राज्यातील आल्फ्रेड स्मिथ आणि गॅलन ब्लॅक या दोन व्यसनमुक्ती समुपदेशकांनी चर्चच्या विधीत पेयोटी घेतली म्हणून त्यांची नोकरी गेली, आणि गैरवर्तनामुळे नोकरी गेली म्हणून बेकारी भत्ताही नाकारण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. सर्वांना सारखा लागू होणारा कायदा एखाद्याच्या धर्माचरणाच्या आड आला, तरी राज्यघटना त्याला सूट द्यायला बांधील नाही, असा त्याचा आशय होता. त्यावर एवढा गदारोळ झाला की १९९३ मध्ये अमेरिकी संसदेला, म्हणजे तिथल्या काँग्रेसला, धर्मस्वातंत्र्य पुनःस्थापनेचा कायदा करावा लागला आणि १९९४ मध्ये मूलनिवासींच्या पेयोटीला स्वतंत्र संरक्षण मिळाले. टेक्सासच्या कायद्यात मात्र चर्चच्या सदस्याला सूट हवी असेल, तर त्याच्या अंगात किमान २५ टक्के मूलनिवासी रक्त असले पाहिजे, अशी अट आहे. उपासनेचा हक्क रक्ताच्या टक्क्यांत मोजणारा हा नियम मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा तो दोनदा वाचावा लागला.

ब्राझीलमधील ‘युनिआओ दो व्हेजेताल’ या पंथाची गोष्ट थोडी सुखाची आहे. आयावास्का या वनस्पतींपासून बनणाऱ्या सायकेडेलिक पेयाला हा पंथ पवित्र मानतो. अमेरिकेतील त्यांच्या सुमारे १३० सदस्यांना विधीपुरती मुभा असावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एकमताने मान्य केले. लाखो मूलनिवासींना पेयोटीसाठी सूट देऊनही व्यवस्था कोलमडत नसेल, तर या मूठभरांनी काय होणार, हा तर्क बिनतोड होता. पण इथेही सूट मिळाली ती गुरू, नियमावली, ठरलेले विधी आणि उत्तम वकील असलेल्या पंथाला. ज्याचा कोणताच पंथ नाही, जो एकट्याने शोध घेतो, त्याने कोणत्या दारात जायचे? अध्यात्माच्या इतिहासात असे एकांडे साधक कमी झालेले नाहीत. किंबहुना बहुतेक पंथांचे मूळ पुरुष आपल्या काळात एकांडेच होते. अमली पदार्थांचे नियमन करणाऱ्या अमेरिकी यंत्रणेने २००९ मध्ये धार्मिक सवलतीच्या अर्जांसाठी सूचना काढल्या, त्यानुसार अर्जाचा निकाल लागेपर्यंत अर्जदाराने तो विधी बंद ठेवायचा असतो. थोडक्यात, आपले आचरण प्रामाणिक आहे हे पटवण्यासाठी आधी ते सोडून द्यायचे.

एवढे वाचून मी सरसकट मोकळिकीचा पुरस्कर्ता आहे, असा समज होऊ नये. समर्थकांच्या लिखाणात अनुभव आणि अध्यात्म यांची जी सर्रास गल्लत होते, ती मला खटकते. २० एप्रिल १९६२ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, बॉस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपेलच्या तळघरात वॉल्टर पाह्न्के यांनी धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. निम्म्यांना सायलोसायबिन दिले आणि निम्म्यांना निकोटिनिक आम्ल, ज्याने फक्त त्वचा लाल होऊन अंग गरम वाटते. वर चाललेली प्रार्थना ध्वनिक्षेपकावरून खाली ऐकू येत होती. सायलोसायबिन घेतलेल्या बहुतेकांनी केलेली वर्णने गूढवाद्यांच्या वर्णनांशी जुळणारी निघाली आणि हा प्रयोग प्रसिद्ध झाला. पुढे संशोधक रिक डॉब्लिन यांनी त्या लोकांना पुन्हा गाठून १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा अनेकांना तो अनुभव अजूनही अस्सल वाटत असल्याचे दिसले. पण त्याचबरोबर हेही बाहेर आले की एकाची अवस्था इतकी बिघडली होती, की त्याला शांत करण्यासाठी थोराझिन हे मनोविकारांवरचे औषध टोचावे लागले होते, आणि मूळ अहवालात त्याचा उल्लेखच नव्हता. जी गोष्ट पवित्र मानायची तिच्याविषयी अडचणीचे बोलायचे नाही, ही भाविकांची खोड संशोधकांनाही जडते.

पतंजलींनी योगसूत्रांत सिद्धींची साधने सांगताना जन्म, मंत्र, तप आणि समाधी यांच्या रांगेत औषधीही बसवली आहे. सायकेडेलिकचे समर्थक हे सूत्र मोठ्या उत्साहाने पुढे करतात. ते खरे आहे, पण तिथे विषय सिद्धींचा आहे, आणि याच ग्रंथात काही सिद्धींना समाधीच्या मार्गातले अडथळे म्हटले आहे, हे सांगायचे राहून जाते. मेक्सिकोतील माझातेक या मूलनिवासी समाजातील उपचारकर्त्या मारिया साबिना यांचे म्हणणे तर याहून अडचणीचे आहे. अळंब्यांचे अमेरिकी अभ्यासक गॉर्डन वॉसन १९५५ मध्ये त्यांच्या अळंबीच्या विधीत बसले, १९५७ मध्ये वॉसन यांचा लेख ‘लाइफ’ साप्ताहिकात आला आणि त्या डोंगराळ गावात परदेशी तरुणांची रीघ लागली. त्याआधी केवळ देव शोधण्यासाठी कोणी अळंबी खात नसे, ती आजारी माणसाला बरे करण्यासाठी घेतली जात, असे साबिना यांनी पुढे सांगितले. पाहुण्यांच्या या लोंढ्यामुळे त्यांच्यामागे पोलिसांचा ससेमिरा लागला आणि त्यांचे घरही जाळले गेले.

म्हणूनच मला वाटते की कायद्याने श्रद्धेच्या फंदात पडूच नये. मात्रा किती आणि शुद्ध आहे का, घेणारा सज्ञान आहे का, त्याला किंवा त्याच्या घराण्यात कोणाला मनोविकृतीचा आजार झाला आहे का, तो लिथियमसारखे मनोविकारावरचे औषध घेतो का, सोबत शुद्धीवर असलेला जाणता माणूस आहे का, एवढेच प्रश्न राज्याने विचारावेत. धोका भक्ताला आणि नास्तिकाला सारखाच असतो, तेव्हा नियमही सारखेच हवेत. आजच्या बंदीत सायलोसायबिन हे हेरॉइनच्या पंगतीत, अमेरिकी कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक अनुसूचीत आहे, आणि कोकेन त्याखालच्या दुसऱ्या अनुसूचीत. जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली उघडपणे होऊ शकणारी गोष्ट यामुळे बंद दाराआड, अनोळखी पुड्यांच्या भरवशावर होते.

माझ्या या मतालाही एक अपवाद करावा लागतो आणि तो पुन्हा पेयोटीचाच आहे. ही वनस्पती निसर्गतः फक्त दक्षिण टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या पट्ट्यात उगवते आणि तिची वाढ अतिशय सावकाश होते. सायकेडेलिक वनस्पती गुन्हेमुक्त करण्याची चळवळ अमेरिकी शहरांत पसरू लागली, तेव्हा नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या नेत्यांनीच पेयोटीला त्या यादीतून वगळा, अशी मागणी केली. ती मला रास्त वाटते. कोणाची भक्ती अधिक खरी, हा प्रश्न त्यासाठी सोडवावा लागत नाही. रानात शिल्लक राहिलेले निवडुंग सर्वांना पुरणारे नाही, एवढे कारण पुरेसे आहे. ज्यांना मेस्कॅलिनच हवे आहे, त्यांच्यासाठी ते प्रयोगशाळेतही तयार करता येते.