‘पीएच 8.3 वर आणा, बाकी आपोआप होईल’: नाही होणार

रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) असलेली खाऱ्या पाण्याची टाकी, घरी ठेवणाऱ्यांमध्ये एक मेसेज बरीच वर्षं फिरतोय. कुणी नवा माणूस विचारतो, "कोरल मिटून बसलंय, काय करू?" आणि उत्तरादाखल कुणीतरी तो चिकटवून मोकळा होतो. मेसेज लांबलचक आहे, पण सार सहा वाक्यांत मावतं. सगळ्या दुखण्यांचं मूळ पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा), तो 8.3 च्या खाली गेला की तो वाढवणारी बफर पावडर घाला. कोरल वाढत नसेल तर कॅल्शियम 500 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत 500 भाग) न्या. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर ठेवा. नायट्राइट दिसलं की मासे गेलेच समजा. तरीही जमलं नाही तर दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला, सगळं जागेवर येतं. आणि पाण्याची पातळी उतरली की खारं पाणी घालून भरून काढा.

मी हा मेसेज दोनदा नीट वाचलाय. पहिल्यांदा त्यावर विश्वास ठेवून, दुसऱ्यांदा हीटरवरचा पांढरा थर सुरीने खरवडताना.

"पीएच 8.3 च्या खाली गेला की बफर घाला"

माझ्या टँकचा पीएच सकाळी 7.85 दिसायचा. मेसेजबरहुकूम मी चार दिवस रोज बफर घातला. घातल्यावर तासाभरात आकडा छान वर जायचा आणि सकाळपर्यंत बराचसा उतरलेला असायचा. पाचव्या दिवशी पीएच होता 7.97. म्हणजे चार दिवसांची कमाई 0.12. दरम्यान अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद, ती डीकेएच या एककात मोजतात) 8 वरून 11.4 डीकेएचवर पोचली होती, पंप घरघरायला लागला होता आणि अ‍ॅक्रोपोराची (हे फांद्याफांद्यांचं कोरल) टोकं जळल्यासारखी पांढरी पडली होती.

असं का झालं, हे कळायला शाळेतला प्रयोग आठवला तरी पुरे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते. आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो, त्याची ही खूण. टँकचंही तेच. पीएच दोन गोष्टींच्या ओढाताणीतून ठरतो: पाण्यात अल्कलिनिटी किती आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड किती. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे 420 पीपीएम असतो. खिडक्या लावून माणसं झोपलेल्या खोलीत तो सहज हजाराच्या पुढे जातो. टँकचं पाणी खोलीतल्या हवेशी जुळवून घेतं आणि पीएच पडतो. अल्कलिनिटी तेव्हा अगदी व्यवस्थित असू शकते.

आता हिशेब बघा. खोलीतला कार्बन डायऑक्साइड तोच ठेवून अल्कलिनिटी दुप्पट केली, तर पीएच वाढतो फार तर 0.3. मला 7.85 वरून 8.15 ला जायचं असतं तर अल्कलिनिटी 16 करावी लागली असती. तिथवर पोचायच्या आतच कोरल आणि पंप दोघांनी राम म्हटलं असतं. उलट त्या खोलीतला कार्बन डायऑक्साइड निम्मा झाला, तर तोच 0.3 फुकटात मिळतो.

दोष हवेचा आहे की पाण्याचा, हे शोधायला महागडं काही लागत नाही. भांडंभर टँकचं पाणी घ्या, पीएच मोजा, भांडं बाहेर मोकळ्या हवेत ठेवा आणि एअर स्टोन सोडून तासभर बुडबुडे चालू द्या. पुन्हा मोजा. माझा आकडा 7.88 वरून 8.17 झाला. पाण्यात एक कणही न घालता. आकडा हलला नसता, तर अल्कलिनिटीकडे बघायचं होतं. हलला, म्हणजे खिडकी उघडायची होती. खिडकी शक्य नसेल तर स्किमरची (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) हवा ओढणारी नळी बाहेर न्यावी, किंवा संपमध्ये (टँकला जोडलेली दुसरी टाकी) चेटोमॉर्फा नावाचं शेवाळ ठेवून त्यावर रात्री दिवा लावावा. म्हणजे टँक अंधारात श्वास घेत असताना दुसरीकडे शेवाळ कार्बन डायऑक्साइड खात राहतं. चुन्याची निवळीही चालते. तिचा स्वतःचा पीएच 12.4 च्या आसपास असतो, म्हणून ती थेंबाथेंबानेच सोडायची. एकदम ओतली तर मघाचा प्रयोग टँकमध्येच बघायला मिळतो.

आणि 8.3 हा आकडा तरी कुठून आला? खुद्द समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच 8.1 च्या जवळपास आहे. टँकमध्ये तो दिवसा चढतो, रात्री उतरतो. दोन-तीन दशांशांचा हा झोका रोजचाच. पहाटे मोजून घाबरायचं आणि संध्याकाळी मोजून खूश व्हायचं, यात टँकचा काही संबंध नाही.

तरी अल्कलिनिटी खरंच कमी असेल तर ती वाढवावीच लागते. खायचा सोडा त्यासाठी उत्तम, पण तो घातल्यावर पीएच उलट किंचित उतरतो. शुद्ध सोडियम कार्बोनेटने तो चढतो. 200 लिटर पाण्यात अल्कलिनिटी 1 डीकेएचने वाढवायला साधारण 6 ग्रॅम खायचा सोडा लागतो. एका दिवसात याहून जास्त नको.

"कोरल वाढत नाही? कॅल्शियम 500 करा"

कोरलचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, तेव्हा कॅल्शियम हवंच, हा तर्क दिसायला बिनतोड आहे. पण कोरल हे दोन घटक ठरलेल्या प्रमाणात उचलतं: 20 पीपीएम कॅल्शियमसोबत 2.8 डीकेएच अल्कलिनिटी. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम सुमारे 420 पीपीएम, अल्कलिनिटी 7 डीकेएचच्या आसपास. आता समजा अल्कलिनिटी 8 वरून 5.2 वर आली. हे संकट आहे. त्याच वेळात कॅल्शियम 420 वरून 400 वर आलं. हा फरक साध्या टेस्ट किटला नीट दिसतही नाही. कॅल्शियमची कोठी भरलेली असते, अल्कलिनिटीचा डबा लहान. रिकामा आधी कोण होणार हे उघड आहे. म्हणून रोज किंवा दिवसाआड मोजायची ती अल्कलिनिटी. कॅल्शियम आठवड्यातून एकदा पाहिलं तरी चालतं.

ते 500 करून कोरल जास्त वेगाने वाढत नाही. होतं एवढंच, की कार्बोनेट गरम पृष्ठभागावर बसायला टपलेलं असतं आणि हीटर त्याला आयताच सापडतो.

काही वेळा मात्र दोन्ही घालूनही दोन्ही टिकत नाहीत. अशा वेळी मॅग्नेशियम मोजा. समुद्रात ते 1280 ते 1300 पीपीएमच्या घरात असतं. कॅल्शियम कार्बोनेटच्या वाढत्या स्फटिकावर जाऊन ते त्याची वाढ अडवतं. ते 1100 वर आलं की राखणदार झोपला; तुम्ही घालाल ते कोरलऐवजी पंपावर आणि वाळूत जाऊन बसतं. आधी मॅग्नेशियम सावकाश वर आणायचं, मग बाकीच्यांकडे वळायचं.

जाता जाता: हे सगळे आकडे ज्या किटवरून येतात ते किट खरं बोलतंय का? मुदत संपलेलं रीएजंट (चाचणीचं रसायन), सिरिंजच्या टोकाशी अडकलेला हवेचा बुडबुडा, तिरकी धरलेली बाटली. एवढ्यानेही आकडा सरकतो. अल्कलिनिटीचं किट तपासणं सोपं आहे. 1 लिटर आरओडीआय (गाळून क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात 2.4 ग्रॅम खायचा सोडा विरघळवा. त्यातलं 100 मिली घेऊन पुन्हा 1 लिटरपर्यंत पातळ करा. हे पाणी 8 डीकेएच दाखवायला हवं. 10 दाखवत असेल तर तुम्ही इतके दिवस टँकवर नाही, किटवर उपचार करत होता.

"नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य"

या वाक्याने जितकी कोरलं मारली असतील तितकी बाकीच्या पाचांनी मिळून मारली नसतील, असं माझं मत आहे. कोरलच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं त्याला अन्न करून देतात आणि त्यांना नायट्रोजन-फॉस्फरस लागतो. दोन्ही खरोखर संपलं की कोरल आधी फिकट होतं, मग पातळ दिसायला लागतं. अल्कलिनिटी त्याच वेळी 10-11 असेल तर टोकं जळतात. माझ्या अ‍ॅक्रोपोराचं हेच झालं. तेव्हा माझं फॉस्फेट "छान शून्य" होतं.

"पण समुद्रात तर जवळपास शून्यच असतं ना?" हा प्रश्न वाजवी आहे. प्रवाळभित्तींजवळच्या पाण्यात विरघळलेलं नायट्रेट खरंच नगण्य असतं. पण तिथे कोरलपुढून प्लवकांनी भरलेलं पाणी अष्टौप्रहर वाहत असतं आणि त्यातून त्याचं जेवण होतं. टँकमध्ये हे पंगतीचं जेवण नाही. तिथे पाणी रिकामं केलं की ताटही रिकामं.

रिकाम्या टँकमध्ये दुसरा पाहुणा येतो. वाळूवर आणि दगडांवर तपकिरी, शेंबडासारखे धागे, त्यात अडकलेले बुडबुडे. रात्री विरळ होतात, दुपारी पुन्हा हजर. हे डायनोफ्लॅजेलेट. बाकीच्या शेवाळाची आणि जिवाणूंची उपासमार झाली की यांना मैदान मोकळं मिळतं. लोक ते घाण समजून आणखी पाणी बदलतात, फॉस्फेट शोषणारं माध्यम आणखी टाकतात आणि त्यांची सोय आणखी वाढवतात. माझ्याकडे ते हटले ते मी फॉस्फेट शोषक काढून टाकल्यावर आणि माशांना जास्त खायला घातल्यावर, तेही काही आठवड्यांनी. नायट्रेट 2 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम ही बहुतेक मिश्र टँकना मानवणारी मर्यादा.

याच्या उलटही होतं. हिरव्या केसाळ शेवाळाने टँक भरलाय आणि किट म्हणतंय शून्य. पोषण नाही म्हणून हे शून्य येत नाही. येणारं सगळं शेवाळ लगेच फस्त करतं म्हणून येतं.

आणखी एक घोळ एककांचा. काही डिजिटल यंत्रं फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) दाखवतात. त्यांच्यावरचे 30 म्हणजे 0.03 पीपीएम फॉस्फेट नव्हे, 3.066 ने गुणून ते 0.09 होतं. नायट्रेटचंही तसंच. किट "नायट्रेट-नायट्रोजन" मोजत असेल तर आकड्याला 4.43 ने गुणायचं. 5 दिसले तर खरं नायट्रेट 22.

"नायट्राइट दिसलं की मासे गेले"

हे गोड्या पाण्यातून उचललेलं भय आहे. खाऱ्या पाण्यातलं भरमसाट क्लोराइड माशांच्या कल्ल्यांत नायट्राइटला फारसं शिरू देत नाही. नव्या टँकमध्ये ते दिसणं म्हणजे अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू कामाला लागल्याची पावती. बघायचा तो अमोनिया. आणि इथे मेसेज स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो: पीएच 7.9 वरून 8.3 वर नेला की अमोनियाचा विषारी वाटा दुपटीहून जास्त होतो. तसंच बरीच किटं नायट्रेटचं आधी नायट्राइट करून मग मोजतात, त्यामुळे नायट्राइट असताना नायट्रेटचा आकडा उगाच फुगलेला येतो.

"दहा टक्के पाणी बदला, सगळं जागेवर येतं"

नायट्रेट 40 असेल तर दहा टक्के बदलून ते 36 होतं. लागोपाठ दहा वेळा बदललं तरी 14 च्या आसपास. तेही मध्ये नवं तयार होत नसेल तर. टँक आठवड्याला 5 पीपीएम बनवत असेल, तर दर आठवड्याच्या दहा टक्क्यांनी तो 45 ते 50 मध्ये कायमचा स्थिरावतो. फॉस्फेट त्याहून चिवट. ते दगडात आणि वाळूत मुरलेलं असतं; पाण्यातलं काढलं की आतलं बाहेर येतं. अल्कलिनिटीचं तर बोलूच नका: कोरल रोज अर्धा डीकेएच खात असेल आणि टँक 5 वर आला असेल, तर 8 डीकेएचचं दहा टक्के नवं पाणी 0.3 ची भर घालतं. दुपारपर्यंत संपतं. शिवाय काही मिठांचं ताजं पाणीच 11-12 डीकेएचचं असतं. टाकायच्या आधी ते कुणी मोजतं का?

पाणी बदलणं वाईट नाही, मीही बदलतो. बाहेरून काही विषारी पडलं, तांबं शिरलं, अमोनिया चढला, तर मोठा बदल आणि ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन हाच पहिला उपाय. फक्त तेव्हा दहा टक्के पुरत नाहीत.

"पातळी उतरली की खारं पाणी घाला"

मेसेजमधलं हे सगळ्यात साधं वाक्य, म्हणून कुणी अडखळत नाही. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. 200 लिटरच्या टँकमधून रोज 2 लिटर उडत असेल आणि ते 35 पीपीटीच्या (हजारात 35 भाग मीठ) पाण्याने भरलं, तर आठवड्यात जवळजवळ अर्धा किलो मीठ जास्तीचं जातं आणि क्षारता 37 च्या पुढे. भरायचं ते आरओडीआय पाणी.

यात रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं उपकरण) साथ देईलच असं नाही. शुद्ध पाण्यावर शून्य जुळवलं म्हणजे 35 वर तो बरोबर असतो असं नव्हे. त्याला 35 च्याच द्रावणावर जुळवावं लागतं: 36.5 ग्रॅम शुद्ध मीठ आणि 963.5 ग्रॅम शुद्ध पाणी, एवढं वजनकाट्यावर मोजून घ्यायचं. त्यावर माझा रिफ्रॅक्टोमीटर 33 दाखवत होता. म्हणजे मी ज्याला वर्षभर 35 म्हणत होतो ते 37 होतं, आणि ज्या 450 कॅल्शियमवर मी खूश होतो, त्यातले वीस-पंचवीस निव्वळ जास्तीच्या मिठाचे.