रेकचा आकडा उचलून आणला म्हणून फ्रेम होत नाही

जुन्या रेसिंग मोटरसायकलींसाठी नवी फ्रेम बनवणाऱ्यांमध्ये एक दावा सध्या जोरात फिरतो आहे. थोडक्यात तो असा : ‘पन्नास-साठच्या दशकातल्या फ्रेम अंदाजपंचे बनत. तेव्हा गणित नव्हतं, संगणक नव्हते. आज सुपरबाइकची भूमिती उघड आहे. स्टीअरिंगचा कोन, म्हणजे रेक, २४ अंशांवर आणा, जाड नळ्या वापरून फ्रेम होईल तितकी कडक करा, सगळे जोड टिग वेल्डिंगने (विजेच्या ठिणगीने नळ्यांचा धातूच वितळवून) मारा, आणि एवढं करूनही हॅण्डल हललंच तर वर ते हलणं आवरणारा डॅम्पर लावा. जुनं इंजिन नव्या गाडीसारखं वळेल.’

ऐकायला हे पटतं. पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य तपासलं की सुटं होतं. अशी फ्रेम घेऊन कुणीतरी ताशी दीडशेच्या पुढे जाणार असतो, म्हणून ते एकेक करून तपासायला हवं.

‘तेव्हाच्या फ्रेम अंदाजपंचे होत्या’

नॉर्टनची फेदरबेड घ्या, कारण आजही जुन्या रेसिंग गाड्यांची चर्चा तिच्यापाशीच येते. बेलफास्टचे रेक्स मॅककँडलेस आणि त्यांचे भाऊ क्रोमी यांनी ती घडवली. रेक्स पदवीधर इंजिनिअर नव्हते हे खरं. पण नॉर्टनच्या दारात जाण्याआधी अनेक वर्षं ते स्वतःच्या गाड्या कापून, जोडून, मागे स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) बसवून, वजन पुढे-मागे सरकवून चालवून बघत होते. नॉर्टनकडे तेव्हा ‘गार्डन गेट’ या टोपणनावाची, मागे प्लंजर सस्पेन्शन (चाकाचा आस स्प्रिंगवर सरळ वर-खाली सरकतो असं) असलेली फ्रेम होती. तिला तडे जात आणि खडबडीत रस्त्यावर ती आपल्या मनाने चाले. मॅककँडलेसनी सव्वा इंची नळ्यांचे दोन पूर्ण वेढे इंजिनाभोवती घेतले, हेडस्टॉकपाशी (फ्रेमच्या पुढच्या ज्या नळीत स्टीअरिंग फिरतं तिच्यापाशी) ते एकमेकांना ओलांडून नेले आणि इंजिन पुढे सरकवलं. एप्रिल १९५० मध्ये ब्लँडफर्डला नॉर्टनचे चालक जेफ ड्यूक त्या फ्रेमवर पहिल्यांदा उतरले आणि जिंकले. जूनमध्ये आइल ऑफ मॅनवर सीनियर आणि ज्युनियर या दोन्ही टीटी शर्यतींत पहिले तिन्ही क्रमांक नॉर्टनचे होते. तिथली एक फेरी ६० किलोमीटरची, गावांतून आणि डोंगरावरून जाणारी, खाचखळग्यांची. नॉर्टनचेच चालक हॅरॉल्ड डॅनियल यांना ती गाडी पिसांच्या गादीसारखी वाटली, म्हणून फ्रेमला हे नाव पडलं.

हा अंदाज नव्हे. कागदावर समीकरण नसलं तरी करून बघणं, मोजणं आणि पुन्हा करून बघणं होतं. पुढे फ्रेम बनवणारे कॉलिन सीली यांनी त्यांच्या मार्क ३ फ्रेममधून इंजिनापुढच्या खाली उतरणाऱ्या नळ्याच काढून टाकल्या. स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ एग्ली यांनी व्हिन्सेंट या ब्रिटिश गाडीचं इंजिन एकाच भल्याजाड मध्यनळीखाली टांगलं. ही तीन अगदी वेगळी उत्तरं आहेत आणि तिन्ही चालली, कारण प्रत्येकाने आपापल्या इंजिनाचं वजन आणि आपापले टायर धरून उत्तर काढलं होतं.

‘कोन २४ अंशांवर आणा, गाडी चपळ होते’

सगळ्यात जास्त नुकसान हे वाक्य करतं, म्हणून इथे थांबून हिशेब करू.

रेक म्हणजे कोनसेटचा (हेडस्टॉकमधल्या ज्या बेअरिंगवर स्टीअरिंग फिरतं त्यांचा) अक्ष उभ्या रेषेपासून जितका मागे कलतो तो कोन. ट्रेल म्हणजे तो अक्ष जमिनीला जिथे भिडेल तिथपासून मागे, टायर जमिनीला टेकतो तिथपर्यंतचं अंतर. चाक सरळ ठेवायला हे अंतर मदत करतं. रेक हा ट्रेल ठरवणाऱ्या तीन गोष्टींपैकी फक्त एक आहे. दुसरी गोष्ट चाकाची त्रिज्या आणि तिसरी ऑफसेट, म्हणजे फोर्कच्या नळ्या कोनसेटच्या अक्षापेक्षा किती पुढे बसल्या आहेत ते. हा ऑफसेट टीमध्ये, म्हणजे फोर्कच्या दोन्ही नळ्या पकडणाऱ्या तुकड्यात, ठरलेला असतो. सूत्र सोपं आहे : त्रिज्या गुणिले कोनाचा साइन, त्यातून ऑफसेट वजा, आणि उरेल त्याला कोनाच्या कोसाइनने भागायचं. ऑफसेट वाढला की ट्रेल कमी होतो. हे अनेकांच्या डोक्यात उलटं बसलेलं असतं.

समजा जुनी गाडी आहे : १९ इंची पुढचं चाक, टायरसकट त्रिज्या ३१० मिमी, रेक २६ अंश, ऑफसेट ५० मिमी, चाकांमधलं अंतर १४०० मिमी. ट्रेल येतो ९६ मिमी. आता फक्त १८ इंची रिम घातली. बरेच जण घालतात, कारण रेसिंगचे चांगले टायर त्या मापात मिळतात. त्रिज्या जवळजवळ १३ मिमीने कमी झाली आणि पुढची बाजू तितकीच खाली बसल्यामुळे रेकही अर्ध्या अंशाने घटला. ट्रेल ८६. फ्रेमला हातही न लावता १० मिमी गेले.

याच गाडीसाठी कुणी १८ इंची चाक धरून २४ अंशांची फ्रेम बनवली, पण टी जुनीच ठेवली, तर ट्रेल उरतो ७८. आजच्या सुपरबाइकला २४ अंशांवर तो १०० मिमीच्या आसपास मिळतो, कारण तिच्या टीचा ऑफसेट ३० मिमीच्या घरात असतो. कोन तोच राहिला तरी गाडी तीच झाली नाही. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घातल्यावर जे होतं तेच इथे होतं.

आणि हे सगळं गाडी उभी असताना. ब्रेक लावल्यावर पुढची बाजू ८० मिमी बसली आणि मागची २० मिमी उचलली गेली, तर १४०० मिमीच्या अंतरावर गाडी चार अंशांनी पुढे कलते. सुपरबाइकचा ट्रेल अशा वेळी १०० वरून ७६ वर येतो, आणि आपल्या नक्कल केलेल्या फ्रेमचा ७८ वरून ५४ वर. वळणाच्या तोंडाशी, ब्रेक दाबलेला असताना, जिथे चालकाला पुढच्या चाकाचा भरवसा सगळ्यात जास्त लागतो, तिथेच तो निघून जातो. ‘गाडी एकदम आत पडते’ अशी तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. त्यातल्या बऱ्याच गाड्यांची टी कुणी मोजलेली नसते.

रेकच चपळता ठरवतो ही समजूत खोडणारा एक प्रत्यक्ष प्रयोगही आहे. फ्रेम बनवणारे टोनी फोल यांनी १९८०च्या दशकात बीएमडब्ल्यू आर७५/५ वर स्टीअरिंगचा कोन १५ अंश आणि नंतर चक्क शून्य करून, ट्रेल राखून ती गाडी रस्त्यावर चालवली. सरळ जाण्यात ती बिघडली नाही. अडचण आली ती उभ्या फोर्कला ब्रेकखाली पुढे-मागे बसणाऱ्या हिसक्यांची. ट्रेललाही सर्वस्व मानू नये : २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी अशी सायकल बनवून दाखवली की जिचा ट्रेल किंचित उणा आहे, चाकांचा जायरोस्कोपिक परिणाम (फिरत्या चाकाचा आपली दिशा न सोडण्याचा गुण) रद्द केलेला आहे, आणि तरी ती वेगात सोडली की आपली आपण सावरते. वजन कुठे आहे, हा प्रश्न कोनाइतकाच मोठा आहे.

आपल्याकडे हेच उलट्या दिशेने घडतं. बुलेट किंवा येझदीला नव्या गाडीचा अपसाइड-डाउन फोर्क (जाड नळ्या वरच्या बाजूला असलेला) त्याच्या टीसकट बसवतात. नव्या टीचा ऑफसेट कमी आणि जुनं चाक मोठं, त्यामुळे ट्रेल सहज १२० ते १३० मिमीवर जातो. मग हॅण्डल जड झालं म्हणून लोक कोनसेट बदलत बसतात.

मोजायला महाग काही लागत नाही. गाडी सपाट जमिनीवर चाकांवर उभी करा आणि चालकाला बसवा. पुढच्या आसातून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूने खूण करा. मग कोनसेटच्या अक्षाच्या रेषेत लांब सरळ पट्टी धरून ती जमिनीला जिथे टेकते तिथे दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. फ्रेम कापण्याआधी हे मोजा. शॉकअपची लांबी बदलली की पुन्हा मोजा, कारण मागची बाजू २५ मिमी उचलली तरी रेक एका अंशाने बदलतो.

‘फ्रेम जितकी कडक तितकी चांगली’

यात अर्धं सत्य आहे. हेडस्टॉक आणि स्विंगआर्मची खीळ यांच्यामध्ये फ्रेमने पिळा घेता कामा नये, हे मॅककँडलेस यांनाही ठाऊक होतं. पण कडकपणा जाड पत्र्याच्या नळीतून येतो हे चूक. नळीच्या भिंतीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा साधारण दुप्पट होतो आणि वजनही दुप्पट. भिंत तेवढीच ठेवून व्यास २५ वरून ३२ मिमी केला तर ताठपणा दुपटीहून थोडा अधिक होतो आणि वजन वाढतं फक्त २८ टक्के. एग्लींच्या मध्यनळीमागे हाच विचार आहे. नळ्यांचे त्रिकोण नीट जुळवले तर याहूनही कमी वजनात काम होतं. फेदरबेडमध्ये तर इंजिनाचं डोकं फ्रेमला बांधणारी पट्टी हादेखील ताठपणाचा भाग आहे. नवी टाकी बसेना म्हणून ती पट्टी काढून टाकलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत, आणि त्या वेगात डोलतात.

दुसरी गोष्ट, गाडी कललेली असताना खड्डा उभा येतो आणि सस्पेन्शन मात्र गाडीच्या कललेल्या दिशेनेच दबू शकतं. उरलेला धक्का टायर, फोर्क आणि फ्रेम आडव्या लवचिकतेने सोसतात. ती लवचिकता सगळीच काढून टाकली की टायर उडू लागतो. मोटोजीपीमध्ये ड्युकाटीने २००९ पासून कार्बन फायबरची, नेहमीच्या फ्रेमशिवायची रचना वापरली. केसी स्टोनर तिच्यावर जिंकले. पण २०११ मध्ये व्हॅलेंटिनो रॉसी यांना पुढच्या टायरचा अंदाज येईना, आणि २०१२ मध्ये ड्युकाटी अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर गेली. त्यानेही सगळं लगेच सुटलं नाही, इतका हा विषय नाजूक आहे. अरुंद क्रॉसप्लाय टायरच्या जुन्या गाडीला आजच्या रुंद टायरसाठीचा कडकपणा देण्यात तर काहीच साधत नाही.

‘ब्रेझिंग कच्चं, टिग पक्कं’

ब्रेझिंग म्हणजे नळ्या न वितळवता ब्राँझसारखा दुसरा धातू वितळवून जोड भरणं. धातू कोणता, हे विचारल्याशिवाय या वाक्याला अर्थ नाही. नॉर्टनच्या मॅन्क्स या रेसिंग गाडीच्या फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ या मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाच्या होत्या आणि त्यांचे जोड ब्राँझचे होते. ब्राँझ ९०० अंशांच्या आसपास वितळतं, पोलाद १५०० च्या. म्हणजे नळी स्वतः वितळत नाही, तिची ताकद फारशी जात नाही, आणि जोडावर चढलेली गोलसर भर ताण पसरवते. ५३१ वितळवून जोडली तर वेल्डच्या कडेची नळी कमजोर पडते. उलट क्रोम-मॉलीची (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाची) नवी फ्रेम टिगने उत्तम बनते, त्याबद्दल वाद नाही.

धोका आहे तो दुरुस्तीत. जुन्या ब्राँझच्या जोडावरच टिग मारलं तर वितळलेलं ब्राँझ तापलेल्या पोलादाच्या कणांमधल्या सीमांत शिरतं आणि तिथे बारीक तडे पडतात. वरून वेल्ड सुंदर दिसतो, आणि रंग चढला की काहीच दिसत नाही. जुना जोड उघडायचा असेल तर ब्राँझ पूर्ण काढा किंवा ब्राँझनेच भरा. आणि कुठलीही पद्धत असो, तापल्यावर हेडस्टॉक ओढला जातो. बेअरिंगच्या जागा वेल्डिंग झाल्यावर, फ्रेम जिगवर (तिला पकडून ठेवणाऱ्या साच्यावर) असतानाच मशीन कराव्या लागतात.

‘हललं तर डॅम्पर लावा’

हॅण्डलचं थरथरणं आणि अख्ख्या गाडीचं डोलणं हे दोन वेगळे आजार आहेत. पहिल्यात पुढचं चाक सेकंदाला सहा ते दहा वेळा फडफडतं. दुसऱ्यात मागचं-पुढचं मिळून सगळी गाडी सेकंदाला दोन ते चार वेळा नागमोडी जाते, आणि ते जास्त वेगात येतं. डॅम्पर पहिल्याला आवरतो. दुसऱ्याला मात्र तो बिघडवू शकतो, हे संशोधक रॉबिन शार्प यांच्या १९७१च्या गणितातही दिसलं होतं. डोलणाऱ्या गाडीचा डॅम्पर आणखी आवळणं म्हणजे आजार वाढवणं.

म्हणून नवी फ्रेम आधी डॅम्परशिवाय, कमी वेगात, मोकळ्या रस्त्यावर चालवावी. ती हलली तर सगळ्यात आधी कोनसेटचा ताण, स्विंगआर्मची बुशं, टायरची हवा आणि दोन्ही चाकं एका ओळीत आहेत का, हे दोरी लावून बघावं. त्यानंतर इंजिनाच्या डोक्याची पट्टी, मग मागच्या शॉकअपची लांबी, मग टीचा ऑफसेट. हे सगळं बरोबर असूनही गाडी हलत असेल तरच करवतीकडे आणि हेडस्टॉककडे वळावं.