‘ऑन’कडे अजिबात बघू नका

फ्रेझल व्हर्ब, म्हणजे शेपटाला ‘ऑन’सारखा छोटा शब्द लागलेलं इंग्रजी क्रियापद, शिकायचंय ना? मग आधी एक लांबलचक यादी मिळवा. ‘गो ऑन’ म्हणजे चालू ठेवणे, ‘कॅरी ऑन’ म्हणजे चालू ठेवणे, ‘कीप ऑन’ म्हणजेही चालू ठेवणे. तिन्ही ओळींपुढे तोच अर्थ बघून मनात शंका येईल. ती दाबा. गाइडमध्ये नसलेली शंका परीक्षेला येत नसते.

पथ्य एवढंच, की शेवटच्या ‘ऑन’कडे बघायचं नाही. पुस्तक टेबलावर ठेवण्यासाठी तो शाळेत एकदा शिकून झालाय, तेवढा पुरे. क्रियापदाला चिकटला की तो काम पुढे चालवत नेतो, हे एकदा कळलं की ‘रीड ऑन’, ‘प्ले ऑन’, ‘लिव्ह ऑन’ ही पाठ न केलेली रूपंही समजायला लागतात आणि यादीचे पैसे बुडतात.

छटांच्या नादी तर मुळीच लागू नका. दिवाणी दावा ‘ड्रॅग ऑन’ होतो, म्हणजे रखडत चालतो; अध्यक्षीय भाषण ‘ड्रोन ऑन’ होतं, म्हणजे एकसुरी रटाळ चालतं. चालू राहण्याचं काम ‘ऑन’ करतो आणि ऐकणाऱ्याचा वैताग आधीच्या शब्दात असतो, ही भानगड तुम्हाला काय करायचीय? त्यातून एक धोका असा, की हे सगळं आपल्या घरात आधीपासून आहे असं लक्षात येईल. वक्ता बोलत राहिला, बोलत बसला, बोलत सुटला. पहिल्यात तक्रार नाही, दुसऱ्यात आपला वेळ फुकट गेलाय आणि तिसऱ्यात त्याला आवरायला कुणीतरी उठायला हवंय. ‘बोलत बसला’ म्हणताना तो माइकपाशी उभा असला तरी आपलं काही अडत नाही. पण क्लासमध्ये हे बोलू नका. मराठीतून इंग्रजी समजलं तर फी कशाची भरली?

‘वेंट ऑन टॉकिंग’ आणि ‘वेंट ऑन टू टॉक’ एकच समजा. पहिल्यात माणूस तेच बोलणं चालू ठेवतो, दुसऱ्यात आधीचं संपवून पुढच्या गोष्टीकडे वळतो, पण इतकं कोण बघतं! ‘शी वेंट ऑन टू बिकम अ जज’चं भाषांतर ‘ती न्यायाधीश होत राहिली’ असं बेधडक ठोका. नेमणूक कधीतरी होईलच बिचारीची.

धीर खचला तर इंग्रजी कोशकार सॅम्युअल जॉन्सनला आठवा. १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत त्यानं मान्य केलंय, की क्रियापदामागे लागणारी ही शेपटं परकीयांना सर्वांत जड जातात. एवढा मोठा दाखला हाताशी असताना अभ्यास कशाला? त्यापेक्षा ‘कीप काम अँड कॅरी ऑन’, म्हणजे ‘शांत राहा आणि चालू ठेवा’, असं छापलेला कॉफीचा मग विकत घ्या. हे वाक्य मुळात एका पोस्टरवरचं. ते ब्रिटिश सरकारनं १९३९ साली युद्धासाठी लाखांनी छापलं, पण भिंतींवर ते जवळजवळ लागलंच नाही. तुमच्या व्याकरणाच्या पुस्तकाशी त्याचं छान जमेल.

बोलताना मात्र सगळीकडे ‘कंटिन्यू’ वापरा. मीटिंग कंटिन्यू, पाऊस कंटिन्यू, सासूबाईंचा मुक्कामही कंटिन्यू. मुलाखतीत अडखळलात आणि समोरचे साहेब मान हलवत ‘गो ऑन’ म्हणाले, तर गडबडू नका. खुर्चीतून उठा आणि नम्रपणे विचारा, ‘ऑन व्हॉट, सर?’