कॅमेरा हलला म्हणजे खरं?

नमस्कार दादा,

कॉम्प्युटरवरच्या ॲनिमेशनबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मी शीर्षकातच ॲनिमेशनला ‘फसवणूक’ म्हणून मोकळा झालो, फाळक्यांनीही करामतीच केल्या होत्या, आणि अशानं ‘अडाणी लोकच फसतात’, असं तुमचं म्हणणं. तुम्ही लातूरचे, मी गंगाखेडकडचा, तेव्हा मोकळंच बोलतो.

फाळक्यांचं कबूल. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता, दोन्ही अण्णा साळुंकेच. पण साळुंके नावाचा माणूस कॅमेऱ्यापुढं उभा तर होता! २०१९ च्या ‘द लायन किंग’मध्ये दिग्दर्शक जॉन फॅवरोच्याच सांगण्यानुसार खरा शॉट एकच, सुरुवातीच्या सूर्योदयाचा. बाकी सगळं कॉम्प्युटरमधलं. कॅमेरावाले व्हीआरचे, म्हणजे कॉम्प्युटरमधलं जग डोळ्यापुढं उभं करणारे, गॉगल लावून त्या नसलेल्या माळावर हिंडले आणि कुठून शॉट घ्यायचा ते ठरवलं.

तरी माझी तक्रार सिंहाबद्दल नाही. बोलणारा सिंह खरा कोण मानतो? मला खटकतं ते कॅमेऱ्याचं भिंग. २००८ च्या ‘वॉल-ई’ या ॲनिमेशनपटासाठी पिक्सार या कंपनीनं रॉजर डिकिन्स या नावाजलेल्या कॅमेरामनचा सल्ला घेतला. चित्र खऱ्या कॅमेऱ्यातून आल्यासारखं दिसावं, म्हणजे मागचं धूसर व्हावं, उजेड भिंगावर सांडावा, म्हणून. कॅमेराच नाही, पण त्याच्या खोडी मात्र आहेत.

पडद्यावर ही गंमत असते. मोबाइलवर काय होतं ते ऐका. मागच्या हिवाळ्यात गावच्या ग्रुपवर बिबट्याचा व्हिडिओ आला. उसाच्या कडंनं चाललाय, चित्र थरथरतंय, मागून कुणीतरी ओरडतंय, “आरं बॅटरी बंद कर!” त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती आणि गहू पाण्याला आला होता. तीन रात्री कुणी पाण्याची दारं धरायला गेलं नाही.

मी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. झोत बिबट्याच्या अंगावर, पण सावली कुठंच नाही. एके ठिकाणी मागचा पाय पुढच्या पायातून आरपार गेला. वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, “पायाचं राहू दे. धरणाऱ्याचा हात बघ कसा कापायलाय. भ्यालेल्या माणसाचाच हात असा कापतो.”

तो हात नव्हताच, ती थरथरही कॉम्प्युटरचीच, हे त्यांना कसं सांगायचं? म्हणून ‘अडाणी’ या शब्दाचा मला राग आला, दादा. वरवर बघणाऱ्यानं नुसता बिबट्या पाहिला असता. वडिलांनी हात पाहिला, आणि जन्मभराची पारखच त्यांच्यावर उलटली. मला तरी काय, पायावरून कळलं. पुढच्या हिवाळ्यात पायही नीट येतील. आणि बिबट्या आमच्या भागात खरोखर येतो, त्यामुळं ‘सगळं खोटं’ म्हणून अंधारात कुणाला पाठवायची सोय नाही.

चौथ्या रात्री वडील गेले. मला आणि शेजारच्या दोघांना बरोबर घेऊन, पत्र्याचा डबा वाजवत.

शीर्षकाबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र बरोबर आहे. ‘फसवणूक’ काढून टाकलंय.