बिल मागितलं म्हणून एक स्टार दिलेल्या दादांना

नमस्कार दादा, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचा मालक बोलतोय. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. लेकरानं आईचा फोन रिसेट मारला, मग तो जुना जीमेल मागायला लागला म्हणून तुम्ही मानवतहून खास परभणीला आलते, आमच्या दुकानातल्या पोरानं फोन घेतल्याचं बिल मागितलं, आधारची झेरॉक्स मागितली, वरून चार गिऱ्हाइकांसमोर "चोरीचा तर नाही ना" असं विचारलं, आणि शेवटी पुढच्या गल्लीत ३०० रुपयात १० मिनिटात काम झालं, असं तुम्ही लिहिलंय. सकाळी पोराला विचारलं, तो म्हणला हो, असंच झालं.

तर पहिले माफी मागतो. आईचा फोन घेऊन आलेल्या माणसाला लोकांत असं बोलल्यावर कुणालाही लागंल, मलाही लागलं असतं. मी त्या दिवशी पूर्णेला गेलतो पण दुकान माझं आहे, म्हणजे बोललेलं पण माझंच. त्याला सांगितलंय की विचारायचं ते बाजूला घेऊन, हळू आवाजात.

आधारचं तर सरळ तुमचंच बरोबर आहे. झेरॉक्सचा गठ्ठा ड्रॉवरमध्ये पडून राहतो आणि उद्या कुणाच्या हाती लागंल सांगता येत नाही. आज दुपारी बसून जुन्या सगळ्या फाडल्या. आता नुसतं ओळखपत्र बघायचं, लायसन चालंल, फक्त शेवटचे ४ आकडे दिसतात ते मास्क आधार चालंल, रजिस्टरला नाव, आयएमईआय नंबर म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, आणि सही, बस.

पण बिल किंवा बॉक्स मागायचं मी सोडणार नाही दादा, आणि का ते तुम्हाला सांगावं वाटतंय.

२०२४ च्या फेब्रुवारीत, उरुसाचे दिवस होते, गावात पाय ठेवायला जागा नव्हती, एक जण फोन घेऊन आला, रिसेट आधीच मारलेला, नुसतं गूगलचं लॉक, जुना जीमेल मागतं ते, राहिलतं. बहिणीचा आहे म्हणला. मी कव्हर काढलं तर आतून एसटीचा पास खाली पडला, मुलींचे असतात ना कव्हरच्या मागं ठेवलेले, घडी पडलेला, कडेनं मऊ झालेला. मी तो उचलून काउंटरवर ठेवला आणि कामाला लागलो. नाव वाचलं नाही. त्या माणसाला विचारलं पण नाही की बहिणीचं नाव काय. लॉक काढलं, पैसे घेतले, त्यानं पास खिशात टाकला आणि गेला.

दीड महिन्यानं पोलिस आले. त्या मुलीच्या वडिलांनी तक्रार देऊन फोन संचार साथीवर, म्हणजे चोरीचे फोन नोंदवायच्या सरकारी पोर्टलवर टाकलता, त्यामुळं त्यात दुसरं सिम पडलं की नंबर पोलिसांना दिसला, आणि तो माणूस म्हणला लॉक अमक्या दुकानात काढलं. मी जबाब द्यायला गेलो तेव्हा ती मुलगी वडिलांसोबत तिथंच बाकावर बसलेली होती. बारावीची. मला म्हणली काका, माझा पास होता त्यात, तुम्ही बघितला नाही का. मला काही बोलताच आलं नाही. तिचे फोटो तर त्यानं आधीच उडवलते, पण तो फोन चोराच्या काही कामाचा राहू नये म्हणून जे एक कुलूप शिल्लक होतं ते मी माझ्या हातानं तोडलं, ३०० रुपयासाठी.

हे लॉक अँड्रॉइडला २०१५ पासून आहे, ते त्यासाठीच आहे, रिसेट मारला तरी चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून. आता कायद्याचं पण बघा, चोरीचा माल आहे असं समजायला कारण असताना घेतला किंवा ठेवला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं, ३ वर्षापर्यंत शिक्षा आहे. काही जण तर आयएमईआय पण बदलून देतात, त्याला २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ३ वर्षे नाहीतर ५० लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण खरं सांगतो, मी शिक्षेच्या भ्यावानं बिल मागत नाही, त्या बाकावरच्या मुलीमुळं मागतो.

तुमचा फोन चोरीचा नव्हता हे मला मान्य आहे. आपल्याकडं हे घरोघरी झालेलं आहे, फोन घेताना दुकानातलं पोरगं घाईत एक जीमेल बनवून देतं, पासवर्ड ना आईला माहीत ना मुलाला, आणि रिसेट मारला की सगळे अडकतात. बिल हरवलं असंल तर आम्ही आईलाच घेऊन या म्हणतो, त्यांच्याच सिमवर कोड मागवून जुना जीमेल परत मिळतो का ते आधी बघतो, बऱ्याच वेळा मिळतो. त्याचे पैसे घेत नाही. हे तुम्हाला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही, ती आमची चूक.

आता एक काम मात्र आजच करा. आईच्या फोनमध्ये सेटिंगला जाऊन अकाउंट उघडा आणि कोणता जीमेल टाकलाय ते बघा. असं लॉक काढताना बरेच जण स्वतःचाच जीमेल टाकून फोन चालू करून देतात, मग आईचे फोटो, सगळ्यांचे नंबर त्याच्या खात्यावर जमा व्हायला लागतात, फोन कुठं आहे ते पण त्याला दिसू शकतं, आणि पुढच्या वेळी रिसेट मारला की परत त्याचाच जीमेल मागंल. अनोळखी जीमेल दिसला तर काढून टाका, आणि आईच्या नावानं नवीन बनवून पासवर्ड वहीत लिहून ठेवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर नको. एखादं माहीत नसलेलं ॲप दिसलं तर ते पण काढा, फोनपे चालू करायच्या आधी.

जमलं नाही तर आईला घेऊन या, रविवार सोडून कधीही, मी स्वतः बसून करून देतो.